सॅव्हेज ९९ परत का येत नाही?

बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणाऱ्यांना त्यातल्या मिरामार नावाच्या वाळवंटात कधी ना कधी 'विन९४' हाती लागतेच. एक गोळी झाडली की चापाखालचं कडं खाली-वर करायचं, मग दुसरी. खेळातली ही बंदूक खरी आहे. विंचेस्टर कंपनीची १८९४ सालची रायफल. ती आजही नवी मिळते, फक्त आता अमेरिकेऐवजी जपानमध्ये बनते.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेत या प्रकारच्या, म्हणजे लीव्हर रायफलींना पुन्हा चांगले दिवस आलेत. रुगर कंपनीनं २०२० मध्ये मार्लिन हे जुनं नाव दिवाळखोरीच्या लिलावातून उचललं. स्मिथ अँड वेसननं २०२४ मध्ये 'मॉडेल १८५४' नावाची लीव्हर रायफल आणली. त्यामुळे शौकिनांचा जुनाच प्रश्न पुन्हा वर आला: एवढं सगळं निघतंय, तर सॅव्हेज ९९ ही जुनी लीव्हर रायफल का नाही? बुलार्ड का नाही? इव्हान्स का नाही? पेटंटं केव्हाच संपली. यंत्रं पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहेत. पैसे मोजणारे हौशी तयार आहेत. मग घोडं अडतंय कुठे?

जुनी रायफल चांगली होती एवढ्यावर कोणी ती परत बनवत नाही. तिची काडतुसं आज दुकानात मिळतात का, ती घेऊन करायचं असं काही आज उरलंय का, आणि तिचे भाग कानस न लावता एकमेकांत बसतात का, हे तीन प्रश्न कारखानदार विचारतो. सगळ्यात हुशार रायफली नेमक्या तिसऱ्या प्रश्नावर नापास होतात.

आधी यंत्र समजून घेऊ

लीव्हर रायफलमध्ये चापाभोवती धातूचं एक मोठं कडं असतं. बोटं त्यात घालून ते खाली ढकललं की रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा (काडतुसाच्या बुडावर घाव घालणारा भाग) ताणला जातो आणि नवं काडतूस वर येतं. कडं परत वर घेतलं की काडतूस नळीत बसतं आणि मागचं दार बंद होतं. सगळं दोन सेकंदांच्या आत, बंदूक खांद्यावरून न काढता. १८६० च्या हेन्री रायफलीत नळीखालच्या लांब नळकांड्यात पंधरा-सोळा काडतुसं एकामागे एक मावायची. अमेरिकन यादवी युद्धात बहुतेक शिपाई एकेक गोळी नळीच्या तोंडातून ठासत होते, त्या काळात ही चैनच.

एक शब्द लक्षात ठेवा, तो पुढे सारखा येईल: रिसीव्हर. नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधला पोलादी ठोकळा म्हणजे रिसीव्हर. सगळे हलणारे भाग याच्या पोटात राहतात. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का शेवटी यालाच सोसायचा असतो. या ठोकळ्याचं पोट किती वाकड्या-तिकड्या आकारात पोखरावं लागतं, यावर रायफलची किंमत ठरते.

ज्या परत आल्या, त्या का आल्या?

लीव्हर रायफलींत भरपूर नकला निघतात त्या विंचेस्टर १८७३ च्या. इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे गाव आहे. शतकानुशतकं तिथे बंदुकाच बनतात. तिथल्या उबेर्ती कंपनीनं, स्थापना १९५९, या धंद्यात नाव कमावलं. यादवी युद्धाची शंभरी जवळ आली तेव्हा अमेरिकन हौशींना त्या काळातल्या पिस्तुलांच्या नकला हव्या होत्या. नेव्ही आर्म्स कंपनीचे व्हॅल फॉरगेट यांनी ते काम याच खोऱ्यात दिलं आणि पुढे रायफलीही आल्या.

आता गंमत बघा. १८७३ ची रचना त्या घराण्यातली कमकुवत. दार बंद ठेवायला तिच्यात मध्ये सांधा असलेल्या दोन पट्ट्या असतात, सरळ झाल्या की अडतात. जोरदार काडतूस त्यांना झेपत नाही. पुढे युटातल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगनं विंचेस्टरसाठी १८८६ आणि १८९२ च्या रायफली रचल्या, त्यांत उभे पोलादी कुलपाचे तुकडे आहेत आणि त्या खूपच दणकट आहेत. तरी स्पर्धेसाठीच्या नकलांच्या बाजारात राज्य १८७३ चंच.

कारण एक खेळ आहे. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था १९८७ मध्ये उभी राहिली. तिच्या स्पर्धांत लोक काउबॉयचे कपडे घालतात, टोपणनावं घेतात आणि लोखंडी पत्र्यांवर घड्याळ लावून नेम धरतात. मुख्य स्पर्धेसाठी रायफल कोणती चालेल याचा नियम ठरलेला आहे: एकोणिसाव्या शतकातली रचना, बाहेर दिसणारा घोडा, नळीखालचं नळकांडं आणि पिस्तुलाचं काडतूस. या खेळात दारू हलकी भरतात. त्यामुळे त्या दोन पट्ट्यांचा अशक्तपणा आड येत नाही आणि त्यांची मऊ, सरळ चाल मात्र कामी येते. स्पर्धक तर त्या पट्ट्या बदलून कड्याची चाल आणखी आखूड करून घेतात. दर वर्षी हजारो लोकांना नवी रायफल लागते, ती झिजते, पुन्हा लागते. कारखान्याला याहून जास्त काय हवं?

सॅव्हेज ९९: हुशारी अंगाशी आली

आर्थर सॅव्हेजचा जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. ऑस्ट्रेलियात काही वर्षं काढून तो न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात स्थिरावला. १८९२ च्या सुमारास अमेरिकन सैन्याच्या चाचणीत त्याची रायफल हरली, तेव्हा त्यानं ती शिकाऱ्यांना विकायचं ठरवलं. १८९९ चं मॉडेल पुढे जवळपास शंभर वर्षं टिकलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं.

तिचं वैशिष्ट्य पोटात आहे. नळीखाली काडतुसं एकामागे एक ठेवली की पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्यानं आतल्या आत स्फोट व्हायची भीती. म्हणून जुन्या लीव्हर रायफलींना बोथट गोळ्याच वापराव्या लागत, आणि बोथट गोळी लांब पल्ल्यावर लवकर मंदावते. सॅव्हेजनं नळकांडंच काढून टाकलं. रिसीव्हरच्या आत त्यानं खाचा असलेली एक फिरकी बसवली. प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत, कोणी कोणाला टेकत नाही. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक बारीक खिडकी. तिच्यात आकडा दिसतो: आत किती काडतुसं उरली. बाहेर घोडा नाही, त्यामुळे झुडपात काही अडकत नाही. १९१५ मध्ये कंपनीनं याच रायफलीसाठी '२५०-३०००' हे काडतूस आणलं. सेकंदाला ३००० फूट वेग, आणि तो आकडा जाहिरातीसाठी थेट नावात घातला.

आता हेच सगळं कारखानदाराच्या डोळ्यांनी बघा. फिरकीला गोल पोकळी हवी. तिच्यावरून दार पुढे-मागे सरकायला वाट हवी. दार बंद होताना त्याचा मागचा भाग वर उचलला जाऊन रिसीव्हरच्या पाठीला आतून टेकतो, म्हणजे पाठ बंद हवी आणि आतली ती कड तंतोतंत कापलेली हवी. हे सगळं एका भरीव पोलादी ठोकळ्यातून कोरायचं. कोरल्यावरही दार आणि ती कड एकमेकांना पुरत्या टेकतात का, हे प्रत्येक रायफलीत माणसानं बघायचं, लागेल तिथे हातानं घासायचं. युटिकातल्या फिटर लोकांच्या हाताला ते ठाऊक होतं. कागदावर ते पूर्ण कधी उतरलं नाही.

त्याच कंपनीची दुसरी रायफल

याच सॅव्हेज कंपनीनं १९५८ मध्ये मॉडेल ११० आणलं. ती बोल्ट रायफल, म्हणजे बाजूचा दांडा उचलून मागे ओढायची. तिच्यात निकोलस ब्रूअरनं एक साधी युक्ती केली. नळी रिसीव्हरमध्ये आटे फिरवून बसवायची, आत गेज (मापाचा तुकडा) ठेवून नळी आणि दार यांच्यातलं अंतर बरोबर आलं की थांबायचं आणि बाहेरून एका मोठ्या नटानं ती जागच्या जागी आवळायची. झालं. एरवी हे अंतर जुळवायला फिटरला बराच वेळ आणि बरीच नजर खर्च करावी लागे.

मला विचाराल तर सॅव्हेज ९९ चा शेवट त्या नटापाशी सुरू झाला. एकाच छपराखाली एक रायफल कसबी हात मागत होती आणि दुसरी मागत नव्हती. दुसरी स्वस्त होती, नेमाला उत्तम होती, आणि तिच्यावर दुर्बीण सहज बसत होती. रेमिंग्टननं तर दहा वर्षं आधीच, १९४८ मध्ये, ७२१ मॉडेलचा रिसीव्हर गोल सळईतून करून दाखवला होता. गोल वस्तू लेथवर भराभर निघते, चौकोनी ठोकळ्याचं पोट तसं निघत नाही. ९९ चं उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबलं. ११० आजही चालू आहे.

विंचेस्टरनंही खर्च वाचवायचा प्रयत्न केला होता. १९६४ मध्ये त्यांनी ९४ चे काही कोरून काढलेले भाग काढून दाबलेल्या पत्र्याचे घातले, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या, आणि रिसीव्हरचा धातू असा निवडला की नेहमीची काळपट-निळी झाक त्यावर नीट चढेना. गिऱ्हाईक चिडलं ते चिडलंच. 'चौसष्टच्या आधीची' हा शब्द आजही तिथल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात किंमत वाढवतो. म्हणजे हातकाम ठेवलं तर परवडत नाही आणि काढलं तर चालत नाही.

'पण आता सीएनसी (संगणकावर चालणारं कापकामाचं यंत्र) आहे ना?'

भोसरी-चाकणला कधी शॉपफ्लोअरवर उभं राहिलेल्या माणसाला हा आक्षेप पहिला सुचेल. जुनी रायफल स्कॅन करा, मॉडेल बनवा, मशीनवर चढवा.

अडचण अशी की स्कॅन एका नगाचं माप देतं, आणि तो नग साठ-सत्तर वर्षं वापरून झिजलेला असतो. मूळ ड्रॉइंगवर माप किती होतं, किती कमी-जास्त चालत होतं, कुठलं पोलाद, कुठल्या भागाला किती ताव देऊन कडक केलं होतं, हे स्कॅनमध्ये दिसत नाही. फिटरनं हातानं घासून काढलेला भाग तर त्या एका रायफलीपुरता बरोबर असतो. तो दुसरीत घातला तर बसेल याची खात्री नाही. म्हणजे रचना जवळजवळ नव्यानं करायची, शिवाय वर जुनीच दिसली पाहिजे.

याचा ढळढळीत पुरावा मार्लिनचा आहे. तिथे ड्रॉइंग होतं, यंत्रं होती, नाव होतं, सगळं होतं. रेमिंग्टननं मार्लिन घेतली आणि कनेक्टिकटमधल्या नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून २०११ च्या सुमारास काम न्यूयॉर्कच्या इलियनला नेलं. यंत्रं म्हातारी होती आणि त्यांच्या खोडी जुन्या कामगारांनाच माहीत होत्या. ड्रॉइंग एक सांगायचं, प्रत्यक्षात भाग दुसऱ्याच मापाचा बनत असायचा. कामगार मागेच राहिले. इलियनहून आलेल्या रायफलींच्या नेम धरायच्या खुणा तिरप्या, लाकूड आणि पोलाद यांच्यात फटी. गिऱ्हाइकांनी त्यांना 'रेमलिन' असं कुत्सित नाव ठेवलं. काही मॉडेलं कंपनीला काही काळ थांबवावीच लागली. २०२० च्या लिलावात रुगरनं मार्लिनसाठी सुमारे ३ कोटी डॉलर मोजले, काम उत्तर कॅरोलायनातल्या मेयोडानला हलवलं आणि भाग नव्या पद्धतीनं बनवायला घेतले. पहिली रायफल बाहेर पडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. आणि मार्लिनची रचना तुलनेनं साधी: सपाट बाजूंचा रिसीव्हर, सरळ गोल दार. सॅव्हेज ९९ चं हे सगळं आणखी कितीतरी अवघड.

तेव्हा सीएनसीनं काम होतं, नक्की होतं. पण ते बसवायचा खर्च हजारो नगांवर पसरला तरच परवडतो. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

काडतूसच नसेल तर?

काही रायफली यंत्रापर्यंत पोचतच नाहीत, त्या काडतुसापाशीच अडकतात. मेन राज्यातल्या वॉरन इव्हान्स या दंतवैद्यानं १८७० च्या दशकात एक अचाट रायफल काढली. दस्त्याच्या आत मळसूत्रासारखी फिरकी आणि तिच्यात तब्बल चौतीस काडतुसं. त्या काळात तेवढी काडतुसं कोणतीच रायफल पोटात ठेवत नव्हती. पण तिचं ४४ इव्हान्स काडतूस दुसऱ्या कशातही चालत नव्हतं, आणि कंपनी दहा वर्षांच्या आत बुडाली. आज नक्कल करायची तर काडतूसही आपणच बनवायचं. दुसरं काडतूस घालायचं तर फिरकीच्या खाचा बदलाव्या लागणार, म्हणजे सगळंच बदलावं लागणार.

हेन्रीच्या नकला करताना हीच अडचण आली. मूळ काडतूस बाजारातून गेलेलं. उबेर्तीनं ४४-४० आणि ४५ कोल्ट ही मिळणारी काडतुसं घेतली, पण ती लांब असल्यामुळे रिसीव्हरही थोडा लांबवावा लागला. दिसायला हेन्री, मोजायला गेलात तर वेगळी. संग्राहक नाक मुरडतात, स्पर्धकांना फरक पडत नाही.

सॅव्हेजच्या पहिल्या काडतुसाचं नावही ३०३ च होतं. आपल्याकडच्या पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही वेगळी, एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची बुलार्ड १८८० च्या दशकातली. तिच्यात दातेरी पट्टी आणि दातेरी चक्र आहे, त्यामुळे कडं लोण्यासारखं फिरतं असं ती हाताळलेले सगळे सांगतात. भाग मात्र भरपूर, आणि प्रत्येक भाग बारीक कामाचा. तिची नक्कल बाजारात आली नाही.

'हौसेला मोल नसतं, घेतील की लोक!'

घेतील, पण किती? सॅव्हेज ९९ ची नक्कल काढणाऱ्याचा खरा स्पर्धक मूळ सॅव्हेज ९९ च आहे. दहा लाखांहून जास्त बनल्या, त्यातल्या पुष्कळ अजून धडधाकट आहेत आणि अमेरिकेत जुन्या बाजारात फिरतात. नवी नक्कल त्यांच्याहून महाग पडली तर शौकीन मूळचीच घेणार. आणि ती महाग पडणारच.

बुलार्ड आणि इव्हान्सचं उलट. मूळच्या इतक्या कमी की त्या कोणी हाताळल्याच नाहीत, मग मागणार कोण? जास्त बनली तर जुनीच पुरते, कमी बनली तर आठवत नाही. १८७३ मात्र मधोमध सापडली: मूळच्या ७ लाखांच्या वर बनल्या, नाव घरोघरी पोचलं, पण शंभर वर्षं जुनी, किमती वाढलेली रायफल स्पर्धेत आपटायला कोणी तयार नाही.

पेटंट आणि कायदा

पेटंटची अडचण नाहीच. नावाची आहे. 'विंचेस्टर' हे नाव ऑलिन कंपनीचं, त्यामुळे इटलीची नक्कल १८७३ म्हणून विकली जाते, विंचेस्टर म्हणून नाही. सॅव्हेज हे नाव सॅव्हेजकडेच आहे, म्हणजे बाहेरच्यानं कष्ट करून ९९ बनवली तरी नावाचा फायदा त्याला नाही.

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते. नवी बनवलेली नक्कल, आजची काडतुसं घेणारी असेल तर, आधुनिक शस्त्रच. म्हणजे १८८५ सालची खरी १८७३ विकताना केंद्राचे कागद कमी लागतात, तिच्या नव्या नकलेला सगळे लागतात. याचा धंद्यावर थोडा परिणाम होतो, पण मुख्य कारण हे नाही.

जपानचा रस्ता

तरीही अवघड रायफली परत आणणारा एक कारखाना आहे. जपानच्या कोची प्रांतातली मिरोकु. न्यू हेवनचा विंचेस्टर कारखाना २००६ मध्ये बंद पडला, त्यानंतर ९४ इथूनच २०१० मध्ये परत आली. ब्राउनिंग कंपनीसाठी मिरोकुनं त्याच्याही आधी १८८६, १८९५ आणि मॉडेल ७१ बनवून दाखवल्या होत्या. १८९५ तर सोपी नव्हती. खालून पेटी, कड्याबरोबर हलणारे एकात एक गुंतलेले भाग. थिओडोर रूझवेल्टची ही आवडती, आणि पहिल्या महायुद्धात रशियानं ती लाखांच्या संख्येनं मागवली होती. मिरोकुची पद्धत म्हणजे एका वेळी ठरावीक नग काढायचे, थांबायचं, काही वर्षांनी पुन्हा. किंमत चढी ठेवायची.

पण परत आलेली रायफल तीच असते का? चेतक स्कूटर परत आली, ती विजेवर. नाव तेच, ओळख तीच, गुडघ्याला लागणारी किक गेली. मिरोकुच्या १८९२ मध्येही दस्त्याच्या मानेवर सेफ्टीचा खटका आला आणि घोडा आपोआप थोडा मागे सरकणारा केला. ब्राउनिंगच्या रचनेत यातलं काही नव्हतं. कर्मठ मंडळी कुरकुरतात. मला त्यात वावगं वाटत नाही. चुकून उडालेल्या गोळीचा खटला आज कंपनीवर येतो, १८९२ मध्ये तो येत नव्हता.

मग मिरोकु ९९ का करत नाही? कारण तिची जागा भरली आहे. ब्राउनिंगची बीएलआर ही लीव्हर रायफल मिरोकुच्याच कारखान्यात अनेक दशकं बनत आली. तिला खालून काढता येणारी पेटी आहे, म्हणून टोकदार गोळ्या चालतात, आणि आजची जोरदार काडतुसं ती पेलते. हेन्री कंपनीनं २०१६ मध्ये 'लाँग रेंजर' काढली, तीही याच कामाची. त्यात हॉर्नाडीनं रबरासारखं मऊ टोक असलेल्या गोळ्या आणल्या, म्हणजे नळकांड्याच्या जुन्या रायफलींचीही अडचण बऱ्यापैकी सुटली. सॅव्हेजनं जो प्रश्न फिरकी लावून सोडवला, त्याला आता तीन स्वस्त उत्तरं आहेत.

तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या कोणा शौकिनाला परवाना-कागदपत्रांसह ९९ घ्यायचीच असेल, तर ती जुनीच घ्यावी लागेल. घेताना रिसीव्हरच्या मागे जिथे पोलाद लाकडात शिरतं, तिथे दस्ता चिरलेला नाही ना ते उजेडात धरून बघा, ही या रायफलीची ठरलेली दुखणाईत जागा. नंतर कोणी दुर्बिणीसाठी रिसीव्हरवर जादा भोकं पाडली असतील तर भाव पाडून मागा. आणि डाव्या खिडकीतला आकडा फिरतो का, ते रिकामं कडं हलवून नाही, दारू नसलेली डमी काडतुसं भरून तपासा.